धर्माजी सावेचं गर्भाशय

साहेब, आरोप सरळ आहे. शिरगावच्या धर्माजी सावे नावाच्या, बासष्ट वर्षांच्या, मिशीवाल्या, दोन लेकरांच्या बापाला तुम्ही गर्भाशय दिलंत. नुसतं दिलं नाहीत, ते उत्तम स्थितीत आहे असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंत. तुमचं नाव इथे घेत नाही, तुमच्या दवाखान्याचंही घेत नाही. ज्याला टोचेल त्याचं ते नाव, ज्याला ठसका लागेल त्याचा तो दवाखाना. पण झालं कसं ते सगळं सांगणार, कारण तुमच्याकडे सांगायला आलं की शिपाई म्हणतो साहेब राउंडला आहेत, आणि राउंडला गेलं की नर्स म्हणते साहेब ऑफिसात आहेत.

सुरुवात खांद्यापासून झाली. धर्माजीची वाडी लहान, पण पानवेलीची. पानवेल म्हणजे नखरेल पाहुणी. तिला ऊन चालत नाही, वारा चालत नाही, आणि वर चढताना कुणीतरी हात धरावा लागतो. हात वर करून तिला बांधणारा माणूस घरात एकच. मुलगा प्रणव तारापूरच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायच्या खात्यात होता. तो घरी आला की एकच विषय काढायचा, वाडी मक्त्याने देऊन टाकू. धर्माजी म्हणायचा, "माजा हात वर जातोय तवर वाडी माजी." हे वाक्य तो हात वर करूनच म्हणायचा. एका संध्याकाळी वाक्य अर्ध्यावर आलं आणि हात तिथेच अडकला.

उजव्या खांद्याच्या मागे, पात्यात, कुणी खुंटी ठोकावी तशी कळ. त्या संध्याकाळी बायकोने, जयवंतीने, वालाचं बिरडं केलं होतं, नारळाचा हात सैल सोडून. धर्माजीने ते तसंच सैल हाताने खाल्लं होतं. पण बिरड्याचा आणि खांद्याचा संबंध जोडायला माणूस वेडा असावा लागतो, आणि आळीत सगळे शहाणे.

शहाण्यांचा मुकुटमणी म्हणजे शेजारचा विश्राम. पोस्टातून निवृत्त. लोकांची पत्रं वाटता वाटता जगाचं ज्ञान आपल्यात झिरपलंय अशी त्याची समजूत. तो म्हणाला, "ह्यो जाम झालेला खांदा. माज्या मेव्हण्याचा झालता. त्याला भिंतीवर बोटं चालवाय सांगितली डॉक्टरनं." धर्माजीने भिंतीवर बोटं चालवली. भिंतीचा चुना निघाला, खांदा तसाच. आळीतल्या विजयावहिनीने गरम विटेचा शेक सांगितला. तो घेतल्यावर खांद्याला फोड आला, आणि दोन दिवस आतलं दुखणं कळलं नाही, कारण बाहेरचं जास्त होतं. याला आळीने "गुण आला" म्हटलं. मग बेटेगावच्या हाडवैद्याचं तेल आलं. त्या तेलाचा वास असा, की प्रणव मुक्कामाला बोईसरच्या मित्राकडे गेला.

शेवटी जयवंती म्हणाली, "सरकारी दवाखान्यात जाऊ. फोटो काढू. एकदा बघू तरी आत काय हाय ते."

आता इथे ती चूक झाली, जी आपल्याकडे चूक मानतच नाहीत. दवाखान्यात केसपेपरला दोन रांगा असतात. पुरुषांची रांग फाटकापर्यंत, बायकांची निम्म्यात संपलेली. अशा वेळी शहाणा संसारी माणूस काय करतो? बायकोला बायकांच्या रांगेत घालतो आणि स्वतः झाडाखाली बसतो. रेशन असो, तिकीट असो, गॅसची टाकी असो, आपला अर्धा देश बायकोच्या नावाने रांगेत उभा आहे. जयवंती रांगेत राहिली. खिडकीतल्या बाईने मान वर न करता विचारलं, "नाव? वय? काय दुखतं?" जयवंतीने सांगितलं, धर्माजी सावे, बासष्ट, खांदा. यंत्रातून कागद बाहेर आला. बायकांच्या खिडकीवरचं यंत्र लिंग विचारत नाही, ते आपलं आपण घालतं. धर्माजी सावे, स्त्री. कागद जयवंतीने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला, धर्माजीने खिशात ठेवला, डॉक्टरांनी उलट्या बाजूला लिहिलं. वाचला कुणीच नाही. कागद वाचायची पद्धत आपल्याकडे फक्त भांडण झाल्यावर आहे.

एक्सरेच्या खोलीतल्या माणसाने मात्र पडद्यावर पाहून विचारलं, "पोटात बाळ वगैरे नाही ना?"

धर्माजीची मिशी थरथरली. "कोणाच्या?"

"तुमच्या. विचारावं लागतं. इथे खूण केल्याशिवाय पुढे जात नाही."

"नाय," धर्माजी म्हणाला. शक्य तितक्या भारदस्तपणे.

बाहेर आल्यावर त्याने जयवंतीला हे सांगितलं. तिला उलट बरं वाटलं. "येवडं बारीक इचारतात म्हंजे नीट बघत असतील."

एक्सरे निघाला, पण हातात मिळेना. फिल्म संपली होती. कधी येणार ते फिल्मलाच माहीत. "पडद्याचा फोटो मोबाईलवर काढून घ्या," असा हुकूम झाला. धर्माजीचा फोन बटणांचा, त्याच्यात फोटो मावत नाही. विश्राम माहितगार म्हणून बरोबर आलाच होता. त्याने आपला फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि धर्माजीच्या खांद्याचा फोटो काढला. त्यात छताचा पंखाही पडद्यावर उमटून आला.

तो फोटो डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आधी आळीच्या ग्रुपवर पोचला. विश्रामचं म्हणणं, चार डोळ्यांनी बघितलेलं बरं. तिथे तर शंभर डोळे होते. मुरबे गावच्या चुलतभावाने लिहिलं, "खांद्यात पातं घुसलेलं दिसते, जुनं असेल." दुसऱ्याने विचारलं, "तीन पाती आहेत का?" एकाने जोडलेल्या दोन हातांचं चित्र टाकून "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. हा गृहस्थ काळा फोटो दिसला की श्रद्धांजलीच वाहतो, त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्याच्यामागे आणखी अकरा जणांनी वाहिली. संध्याकाळी धर्माजी दुधाला बाहेर पडला तेव्हा दूधवाल्याच्या हातून माप खाली पडलं.

एक्सरेचा निकाल आला: खांदा नॉर्मल.

नॉर्मल हा शब्द ऐकून माणसाने खुश व्हावं अशी रीत आहे. धर्माजीला मात्र तो शिवीसारखा लागला. रात्ररात्र उशी चावून काढलेली कळ, आणि निकाल काय, तर तुम्हाला काही झालेलंच नाही. प्रणव जेवताना म्हणाला, "बाबा, नॉर्मल हाय. कामाचा कंटाळा आला असेल तर तसं सांगा ना सरळ. मी मक्त्याला माणूस बघतो." धर्माजीने ताट सरकवलं. जन्मभरात त्याने कामचुकार हा शब्द दुसऱ्यांसाठी वापरला होता. तो आपल्या अंगावर किती घट्ट बसतो हे त्याला पहिल्यांदा कळलं.

आता एका चांगल्या माणसाची गोष्ट, कारण दवाखान्यात चांगली माणसं नसतात असं म्हणणारा लबाड. डॉक्टर प्रियंका, वयाने लहान, नुकतीच रुजू झालेली. तिने एक्सरे बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, दुखतं कधी? जेवल्यावर?"

"रातचा. जेवल्यावर तासाभरानं."

तिने त्याला आडवं केलं, उजव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि म्हणाली, "श्वास घ्या." धर्माजीने घेतला, आणि तो अर्ध्यातच अडकला. हात वर करताना अडकला होता, तसाच.

"खांदा बिचारा निर्दोष असेल," ती म्हणाली. "पित्ताच्या पिशवीचं दुखणं कधीकधी खांद्यात बोलतं. पोटाची सोनोग्राफी करू."

हे ऐकून विश्राम बाहेर आल्याआल्या हसला. "खांदा दुखतो आन् पोट बघतायत. उद्या डोकं दुखलं तर चप्पल बघतील."

सोनोग्राफीचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत. त्या दिवशी सकाळपासून काही खायचं नाही, आणि पाणी भरपूर प्यायचं, मोरीला उठायचं नाही. धर्माजी बाकड्यावर बसला. शेजारी लाडकी बसली होती. लाडकीला आळी ओळखत होती. ती आणि तिचा नवरा सुका जव्हारकडच्या डोंगरातले. पावसाची शेती आटपली की विश्रामच्या वाडीत खोपटं बांधून कामाला राहत, आणि तिथलं काम सरलं की वीटभट्टीवर जात. तिचं पोट दुखायचं. केव्हापासून विचारलं तर म्हणायची, "लय दिस."

दोघंही पाण्याने भरलेली. धर्माजी बाटलीतून पीत होता, लाडकी नळावरून.

"शेट," लाडकी म्हणाली, "आमच्या पाड्यावर प्याया पानी नाय, न् इतं आनून प्या प्या करतात."

धर्माजी हसणार होता, पण हसणं परवडण्यासारखी परिस्थिती राहिली नव्हती. तेवढ्यात वीज गेली. जनरेटरची किल्ली ज्याच्याकडे होती तो चहाला गेला होता. बाकड्यावरची सगळी माणसं एका दिशेने झुकून, दात आवळून, गुडघे जुळवून बसली. एखादं व्रत करावं तशी शांतता पसरली. मोठ्या माणसाला तोंड उघडून मोरीचा रस्ता विचारायची लाज वाटते, आणि विचारला तर नंबर जातो. धर्माजीने डोळे मिटले आणि पानवेलीचा विचार केला. पण पानवेलीला पाट असतो आणि पाटात पाणी असतं, म्हणून तो विचारही त्याने सोडला.

वीज आली, डॉक्टर आले. त्यांना पुढे दुसऱ्या ठिकाणी पोचायचं होतं, गाडी दारात चालूच होती. कानाला फोन, फोनवर कुणाशी तरी गाडीच्या टायरबद्दल वाद. लाडकी आत गेली आणि बाहेर आली. धर्माजी आत गेला. पोटावर गार चिकट काहीतरी पडलं, पुसायला कागद मिळाला. या दोन गोष्टींच्या मध्ये काय झालं ते त्याला कळलंच नाही. फक्त "मागचे टायर बदल, पुढचे चालतील," एवढं ऐकू आलं. शेजारच्या यंत्रावर बसलेल्या माणसाने बटण दाबलं, कागद निघाला.

बाहेर लाडकी कागद धरून उभी होती. "नॉर्मल," ती म्हणाली. तिच्या मागे सुका. "आता तरी रडं बंद कर," तो म्हणाला. "सरकारच्या मशीननं सांगितला, काय नाय तुला."

धर्माजीचाही नॉर्मल होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही न बोलता मोरीकडे धावली.

घरी सुनेने, स्नेहलने, तो इंग्रजी कागद वाचायला घेतला. यकृत नॉर्मल. पित्ताशय नॉर्मल, खडे नाहीत. मूत्रपिंडं नॉर्मल. मग ती थांबली. पुन्हा वाचलं. पदर तोंडाशी नेला.

"काय झालं?" जयवंती घाबरली. "वाईट काय हाय का?"

"नाय आई. चांगलंच हाय." स्नेहलचा आवाज फुटत होता. "बाबांचं... बाबांचं गर्भाशय नॉर्मल हाय. आकारानं पण बरोबर. अंडाशयं दोन्ही चांगली हायत."

विश्राम ओट्यावर होताच. तो गंभीर होऊन म्हणाला, "असू शकते. मी वाचलंय कुठंतरी. काही पुरुषांना असते."

जयवंती ताडकन उठली. "ह्यांना होतं ना? मंग दोन्ही बाळंतपणं मी का केली?"

प्रणव हसून हसून जमिनीवर बसला. धर्माजी मात्र हसला नाही. तो उठून वाडीत गेला आणि वेलींमध्ये उभा राहिला. दुखणं खोटं ठरलं होतं, आता माणूसही खोटा ठरला.

डॉक्टर प्रियंकाने कागद पाहिला, केसपेपर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "काका, रांगेत कोण होतं?" जयवंतीने हात वर केला, शाळेत चूक कबूल करावी तसा. "हा पित्ताशयाचा निकाल मला पटत नाही," प्रियंका म्हणाली. "पुन्हा सोनोग्राफी करायला हवी. पण त्याआधी स्वतःला पुरुष करून घ्या. नाहीतर पुन्हा हेच येईल."

तर धर्माजी पुरुष व्हायला निघाला.

खिडकीतली बाई म्हणाली, एकदा भरलेलं बदलत नाही, अर्ज करा. अर्ज विश्रामने लिहिला, कारण सरकारी भाषा त्याची मातृभाषा. विषय: मी पुरुष असल्याबाबत. "वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा जन्मापासून पुरुष असून आजतागायत पुरुषच आहे. तरी त्यास पूर्ववत पुरुष करण्याची कृपा व्हावी." अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "पुरावा?"

धर्माजीने आधार कार्ड ठेवलं.

"त्यांच्याकडे पुरुष असाल. आमच्याकडे स्त्री आहात. दोन्ही सरकारीच आहेत, आम्ही कुणाला खोटं ठरवायचं?"

"अरे, मिशी दिसत नाय का?" विश्राम ओरडला.

"मिशी जोडता येत नाही अर्जाला."

मग दोघे तुमच्यापर्यंत आले, साहेब. तुम्ही त्या दिवशी चुकून सापडलात. धर्माजीने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तुम्ही रिपोर्ट डोळ्यांपुढून फिरवलात आणि जे वाक्य बोललात ते आता शिरगावात म्हणीसारखं वापरतात. तुम्ही म्हणालात, "गर्भाशय नॉर्मल आहे ना? मग तक्रार कसली? बिघडलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

धर्माजी हात जोडून परत आला. आपल्याकडे राग आला की माणूस आधी हात जोडतो.

डॉक्टर प्रियंकाने तो पुरुष असल्याचा दाखला लिहून दिला. तो जोडला, सही झाली, शिक्का झाला. कारकुनाने यंत्रात स्त्री खोडून पुरुष केलं आणि म्हणाला, "झालं. रिपोर्ट पण दुरुस्त करून देतो." पलीकडच्या खोलीतला सोनोग्राफीच्या यंत्रावरचा माणूस उठला नाही, धर्माजीकडे पाहिलंही नाही. बटण दाबलं. कागद बाहेर आला. गर्भाशय गेलं होतं, अंडाशयं गेली होती. त्यांच्या जागी प्रोस्टेट आलं होतं. आकाराने नॉर्मल.

धर्माजी कागदाकडे बघत राहिला. "पन मला तपासलं कुठं?"

"तपासायचं कशाला? दुरुस्ती होती ना."

"ह्ये प्रोस्टेट कोनी बघितलं?"

"काका," तो माणूस समजावून म्हणाला, "पुरुषाला ते असतंच."

हा दुसरा कागद प्रणवने पाहिला तेव्हा तो हसला नाही. गर्भाशयाला हसलेला मुलगा प्रोस्टेटला गप्प झाला. त्याने दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कारखान्यात दोन नमुने ठेवतो तसे. तारखा एकच. वेळ एकच. बाकी अक्षर न् अक्षर एकच.

"म्हंजे माल बघितलाच नाय," तो म्हणाला. "न बघता पास केला. आमच्याकडं कोणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर उभा." मग कागद बाजूला सारून म्हणाला, "बाबा, अजून दुखते?"

"दुखते."

"उद्या बोईसरला जाऊ."

बोईसरला एका दुसऱ्या मजल्यावरच्या लहानशा केंद्रात डॉक्टर हेतल नावाच्या बाईंनी धर्माजीला झोपवलं. त्यांच्या कानाला फोन नव्हता. त्यांनी त्याला उजव्या कुशीवर वळवलं, डाव्या कुशीवर वळवलं, श्वास धरायला लावला, सोडायला लावला. एका जागी पुन्हा पुन्हा थांबल्या. मग पडदा त्याच्याकडे फिरवला. "हे बघा काका. ही तुमची पित्ताची पिशवी. आणि हे सगळे खडे. चिंचोके भरल्यासारखे आहेत. एवढे दिवस कसे सहन केलेत?"

काळ्या पडद्यावर पांढरे पांढरे ठिपके चमकत होते. धर्माजीचे डोळे भरून आले. डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नका, साधं ऑपरेशन आहे. पण तो घाबरला नव्हताच. एवढे महिने तो कामचुकार होता, ढोंगी होता, आळीचा विनोद होता. आता त्याच्या पोटात साक्षीदार निघाले होते, तेही पिशवीभर.

त्या दिवशी धर्माजी घरी आला तो वरातीसारखा. "खडे हायत!" फाटकातून ओरडला. "मोजता येनार नाय येवडे हायत!" जयवंतीने देवाला साखर ठेवली, आणि मग आपण दुखण्याला साखर ठेवली हे लक्षात येऊन ती परत उचलली. विश्राम म्हणाला, "मी म्हणतच होतो, पोटाचंच काहीतरी हाय." ग्रुपवर अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ आले. श्रद्धांजलीवाल्यानेही गुच्छच टाकला. प्रणवने ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्याची तारीख घेतली, आणि स्वतःची रजाही टाकली. वेल तो बांधणार होता. बांधायला येत नव्हतं त्याला, पण मक्त्याचा शब्द काढला नाही. धर्माजी त्याला ओट्यावरून शिकवू लागला, ओरडून ओरडून. त्या ओरडण्यात इतकं समाधान होतं की कळ आली तरी तो मध्ये थांबत नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर बरी होती. विनोदी राहिली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आळीच्या तोंडाशी टेम्पो लागला. विश्रामच्या वाडीतलं काम सरलं होतं. सुकाने भांडी चढवली, गोधड्या चढवल्या. टेम्पोतला मुकादम "चलो, चलो, जल्दी बैठो" करत होता. लाडकी टेम्पोच्या फळीला धरून वाकलेली. चढत नव्हती.

"चड ना," सुका म्हणाला. "नाटकं करते. शेट, तुमीच सांगा हिला. तुमच्या संगंच मशीन झाली हिची. नॉर्मल हाय."

धर्माजी बाहेर आला होता तो आपले खडे सांगायला. लाडकीनेच विचारलं, "शेट, तुमाला खडा गावला म्हनतात?"

"गावला."

"तुमचा पन पयला नॉर्मलच होता ना?"

धर्माजीला आत्ता कुठे उमगलं. त्याच दिवशी. त्याच बाकड्यावर. त्याच यंत्रावर, मागच्या टायरच्या वेळी. त्याला स्वतःच्या गर्भाशयाचं हसू झालेलं आठवत होतं, अपमान आठवत होता, तुमचं वाक्य आठवत होतं. आपल्या आधी आत गेलेली बाई मात्र त्याला एकदाही आठवली नव्हती. मोठा दुखावला गेलेला माणूस! अख्ख्या आळीला स्वतःचं पोट सांगत फिरला, आणि शेजारचं पोट विसरला.

"कागद हाय?" त्याने विचारलं.

लाडकीने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला. रेशनकार्डाच्या घडीत जपून ठेवलेला. धर्माजीला इंग्रजी येत नव्हतं. पण त्या ओळी त्याला पाठ होत्या. त्याच जागी, त्याच अक्षरात. युटेरस. नॉर्मल इन साइज.

"हितं लिवलंय," तो हळू म्हणाला, "तुजी गर्भपिशवी चांगली हाय."

लाडकीने त्याच्याकडे पाहिलं. ती चेष्टा आहे की काय, ते तिला कळेना. "माजी पिशवी?" ती म्हणाली. "ती तर धाकट्याच्या टायमाला काढली. लय रगत गेला तवा. सुकाला इचारा."

"काढली होती," सुका म्हणाला.

मुकादमाने भोंगा वाजवला. मग सुकानेच गोधड्या खाली उतरवल्या, भांडी उतरवली, आणि टेम्पो गेला.

प्रणव म्हणाला, "बोईसरला नेऊ." जयवंतीही म्हणाली. लाडकीने मान हलवली. "बोईसरला मागनं नेवा लागला तर नेवा. पयल्यांदा मना तितंच बगून द्या. मी काय फुकटची नाय गेली तितं. पानी पिऊन बसली होती. त्यांनी बगाया पायजे होता."

साहेब, ती आत्ता तुमच्या दाराबाहेर बसली आहे. तिच्या एका बाजूला सुका आहे, दुसऱ्या बाजूला जयवंती. धर्माजी उभा आहे, बसला की त्याला कळ येते. डॉक्टर प्रियंकाने चिठ्ठी दिली आहे, ती शिपायाने आत आणून तुमच्या टेबलावर ठेवली आहे. लाडकीच्या शरीरात जे नाही ते तुम्ही नॉर्मल लिहिलंत. मग जे आहे, जे रात्री तिला उठवून बसवतं, ते कुणी पाहिलं? कारकुनाला विचारू नका, यंत्रावरच्या माणसाला विचारू नका, बटण दाबून दुसरा कागद काढू नका. यंत्र चांगलं आहे. ते लावा, डोळे पडद्यावर ठेवा आणि उत्तर द्या.

लाडकीच्या पोटात काय आहे?